दिवा आपोआप लागतो, पण बंद कधी होतो?

नमस्कार श्रोतेहो. होम असिस्टंटवर, म्हणजे घरातली उपकरणं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ती आपोआप सुरू करणं सोपं असतं. घोळ होतो तो ती बंद करताना.

जिन्यातला दिवा घ्या. बहुतेक जण लिहितात: सेन्सरला हालचाल दिसली की दिवा लाव, 3 मिनिटं थांब, दिवा मालव. मग दोघं जिन्यात बोलत उभे राहतात आणि बरोब्बर 3 मिनिटांनी अंधार होतो. अशा नियमाचा, म्हणजे ऑटोमेशनचा, मोड मुळात 'सिंगल' असतो. एक फेरी चालू असताना आलेला ट्रिगर, म्हणजे नियम सुरू करणारा इशारा, तो सोडून देतो. मोड 'रीस्टार्ट' केला, तर नव्या हालचालीला मोजणी पहिल्यापासून सुरू होते. पण माणसं हलतच राहिली तर सेन्सर 'ऑन'वरच टिकतो, नवा ट्रिगर येतच नाही, आणि दिवा जायचा तो जातोच.

म्हणून थांबणं ऍक्शनमध्ये, म्हणजे करायच्या कामांत, ठेवूच नका, ट्रिगरमध्ये न्या. सेन्सर 'ऑन' झाला की दिवा लावायचा. सेन्सर सलग 2 मिनिटं 'ऑफ' राहिला की मालवायचा. दोनच का? बॅटरीवरचे बरेच सेन्सर हालचाल थांबल्यावरही मिनिटभर 'ऑन' दाखवतात. ते मिनिट धरून 3 होतात.

आता वीज गेली तर? होम असिस्टंट पुन्हा सुरू झालं की अर्धवट राहिलेला डिले (ऍक्शनमधलं थांबणं) पुसला जातो, आणि ट्रिगरमधली मोजणीही. दिव्याचं एक वेळ ठीक आहे. जास्त वेळ चालणाऱ्या कामाला 'टायमर' हेल्पर घ्या आणि त्यातला 'रिस्टोअर' पर्याय चालू करा. मग उरलेली वेळ रीस्टार्टनंतरही टिकते.

गच्चीवरच्या टाकीच्या पंपाला मात्र तेवढंही पुरत नाही. वायफाय पडलं तर 'बंद हो' हा निरोप पोचणारच नाही. इथे घड्याळ स्विचमध्येच हवं. स्विचमध्ये टास्मोटा (वायफाय स्विचच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) असेल तर टाकी भरायला लागणारा वेळ मोजा, त्यात 5 मिनिटं मिळवा. समजा 20 मिनिटं झाली, म्हणजे 1200 सेकंद. त्यात 100 मिळवून टास्मोटाच्या कन्सोलवर 'पल्सटाइम1 1300' अशी आज्ञा द्यायची, म्हणजे 1200 सेकंदांनी स्विच स्वतःच बंद होतो. हे वरचे 100 हटकून विसरले जातात. जोडीला 'पॉवरऑनस्टेट 0' द्या, म्हणजे वीज परत आल्यावर पंप स्वतःहून सुरू होणार नाही. (आज्ञा अर्थात रोमन लिपीत: PulseTime1 1300 आणि PowerOnState 0. नावात जागा नाही, आकड्याआधी मात्र हवी.)

आणि 1 एचपीची मोटर स्विचमधल्या 10 अँपिअरच्या छोट्या रिलेवर (विजेने उघडबंद होणाऱ्या खटक्यावर) थेट जोडू नका. सुरू होताना ती कितीतरी पट करंट खेचते, रिलेचे संपर्क चिकटतात, मग कुठलीच आज्ञा तिला थांबवू शकत नाही. मधे काँटॅक्टर (मोटरचा करंट पेलणारा मोठा रिले) हवाच, आणि तो इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.

तपासणीसाठी पंपाचा एमसीबी पाडून 1300 ऐवजी 120 घाला, स्विच ऑन करा आणि राउटरचा प्लग काढा. 20 सेकंदांनी काँटॅक्टर खट्कन सुटला पाहिजे. सुटला, की पुन्हा 1300 करा.