पैठणचे धरण आणि शंकरराव चव्हाण

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा मराठवाड्याचे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होते आणि तिथे तिरंगा फडकवू पाहणाऱ्यांच्या वाट्याला तुरुंग येत होता. पैठण येथे १४ जुलै १९२० रोजी जन्मलेले शंकरराव चव्हाण त्या वेळी सत्तावीस वर्षांचे होते. उस्मानिया विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या लढ्यात उतरताना त्यांनी वकिली सोडली आणि पैनगंगेपलीकडच्या, म्हणजे तेव्हाच्या वऱ्हाडातल्या, उमरखेडच्या सरहद्द छावणीत ते काम करू लागले. संस्थानाच्या हद्दीबाहेर राहून आतल्या रझाकारांशी आणि निजामाच्या पोलिसांशी लढणाऱ्या अशा छावण्या सीमेवर ठिकठिकाणी होत्या. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. नांदेडचे नगराध्यक्षपद, द्वैभाषिक मुंबई राज्यात उपमंत्रिपद आणि महाराष्ट्र स्थापन झाल्यावर पाटबंधारे खाते. पुढे ते दोनदा मुख्यमंत्री झाले आणि केंद्रात गृह व अर्थ ही खातीही त्यांनी सांभाळली. मात्र मराठवाड्यात त्यांचे नाव निघते ते बहुतेक वेळा पाण्याच्या संदर्भात, आणि ते योग्यच आहे.

गोदावरीवर मोठे धरण बांधण्याचा विचार हैदराबाद राज्याच्या काळातच झाला होता. ती जागा बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळची होती. पुढे अधिक क्षेत्र भिजवता यावे म्हणून जागा नदीच्या वरच्या बाजूला, पैठणला हलवली गेली. नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तेव्हा मुख्यमंत्रिपदावर शंकररावच होते. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, सत्तावीस दरवाजे, २०८ किलोमीटरचा डावा कालवा आणि १३२ किलोमीटरचा उजवा कालवा, असा या प्रकल्पाचा पसारा आहे. ज्या भागात शेतकऱ्याची नजर जूनपासून आभाळाकडे लागलेली असते, तिथे कालव्याच्या पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पण याच जलाशयासाठी पैठण, गंगापूर, शेवगाव आणि नेवासा तालुक्यांतल्या कुटुंबांनी गोदाकाठची काळीभोर जमीन आणि राहती घरे सोडली, हे सांगितल्याशिवाय या धरणाची हकिकत पुरी होत नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाच्या जलाशयाला आज शंकररावांचेच नाव आहे.

शिस्त आणि वक्तशीरपणा यांमुळे सहकारी त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. त्या संबोधनात आदर होता, तसा थोडा धाकही होता. त्यांची पहिली कारकीर्द (१९७५ ते १९७७) मुख्यतः आणीबाणीच्या सावलीत गेली. संस्थानात नागरी स्वातंत्र्यासाठी लढलेला माणूस ते स्वातंत्र्य गोठवले गेले तेव्हा राज्यशकट हाकत होता. या विसंगतीकडे चरित्रकाराला काणाडोळा करता येणार नाही. बाबरी मशीद पडली त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री तेच होते आणि त्याबद्दलची टीका त्यांना अखेरपर्यंत ऐकावी लागली. २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

जायकवाडीपुढचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत गोदावरी, प्रवरा व मुळा यांवरची धरणे वरच्या अंगाला आहेत, त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी पैठणला किती पाणी सोडायचे यावरून वाद पेटतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले, तरी टंचाईच्या वर्षी पाणी सोडण्यासाठी मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना आंदोलने करावी लागली आहेत आणि न्यायालयाची पायरीही चढावी लागली आहे.