बर्फात तुकडी नेताना प्रमुखाने काय बघायचं?

नमस्कार मंडळी. हिवाळी सर्व्हायव्हल म्हटलं की व्हिडिओत काय दिसतं? गारगोटीच्या ठिणगीवर आग पेटवणारा, सुऱ्याने लाकूड तासणारा एकटा गडी. बघायला झकास. पण आठ-दहा जवानांची तुकडी घेऊन जो बर्फात उतरतो, त्या प्रमुखाचे हात शक्यतो रिकामे असावेत. आग दुसरा कुणी पेटवेल. त्याने माणसं बघायची.

असं का? शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि मग विचारशक्ती मंदावते. म्हणजे ज्याला त्रास होतोय, त्यालाच तो कळेनासा होतो. उगाच चिडचिड, जीभ अडखळणं, पाय अडखळणं, हातातून वस्तू पडणं ही त्याची लक्षणं. आणि कुडकुडणारा जवान गरम न होताच अचानक कुडकुडायचा थांबला, तर "बरं झालं, सावरला" म्हणून पुढे जाऊ नका. ती धोक्याची घंटा आहे.

म्हणून "ठीक आहेस ना?" असं विचारूच नका. फौजेत या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं, तुम्हालाही माहीत आहे. त्याऐवजी काहीतरी करून दाखवायला सांगा. हे बघा, माझा हात. अंगठा करंगळीच्या टोकाला टेकवायचा. जमलं? ज्याचा अंगठा अर्ध्यातच अडतो, त्याचे हात गारठलेत. त्याला अजून स्टोव्ह पेटवायचाय, बुटाची नाडी बांधायचीय. हे त्याला जमणार नाही, आणि तो सांगणारही नाही.

आता घामाबद्दल. थंडीत घाम हा मोठा शत्रू. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे घामाने भिजलेला बनियन थांबल्या थांबल्या अंग गार करतो. निघताना जवानांना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी थांबून एक थर कमी करायचा, आणि वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. त्याच्या मागे कुरकुर होईल. होऊ द्या. उलट मुक्कामाला थांबलात की घाम सुकायची वाट न बघता आधी जाड जॅकेट अंगावर चढवायचं, मग बाकीची कामं.

वाऱ्याचा हिशेब वेगळा. उणे १० अंश तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे २० सारखी लागते. नाक, गाल, कानाच्या पाळ्या स्वतःला दिसत नाहीत, म्हणून जोड्या लावायच्या आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचं तोंड बघत राहायचं. त्वचेवर पांढुरका, मेणासारखा डाग दिसला की हिमदंशाची सुरुवात समजा. त्यावर बर्फ चोळायची जुनी पद्धत साफ चुकीची, काहीच चोळायचं नाही. उघड्या हाताची ऊब द्या, वाऱ्यापासून आडोसा करा. पाय खोलवर गोठला असेल आणि तो पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर तिथे वितळवू नका. वितळून परत गोठलेल्या पायाचं नुकसान फार जास्त.

निवाऱ्यासाठी बर्फाचा ढीग रचून, तासाभरापेक्षा जास्त वेळ घट्ट होऊ देऊन, मग आतून पोखरतात. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. पोखरण्याआधी बाहेरून ढिगात ३० सेंटीमीटर लांबीच्या काड्या सगळीकडून पूर्ण खुपसायच्या. आतून खणताना काडीचं टोक दिसलं की थांबायचं, भिंतीची जाडी आपोआप राखली जाते. खणणारा मात्र ओलाचिंब होतो, त्यामुळे माणसं पाळीपाळीने बदला. झोपायचा ओटा दारापेक्षा उंच ठेवा, गार हवा खाली उतरते. छताला हवेसाठी भोक हवंच, आणि फावडं आत घेऊन झोपा. रात्रीत दार बुजलं तर हातांनी उकरत बसाल. आत स्टोव्ह पेटवणार असाल तर एक जण जागा हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी वितळवताना भांड्याच्या तळाशी आधी थोडं पाणी ठेवा, नुसता बर्फ टाकला तर भांडं करपतं. थंडीत तहान कमी लागते, त्यामुळे प्यायला लावावं लागतं. लघवीचा रंग बर्फावर स्पष्ट दिसतो, तेवढा एक फायदा! गडद पिवळा दिसला की त्या माणसाच्या हातात पाण्याचा मग द्या.

शस्त्रं गरम तंबूत न्यायची नाहीत. आत त्यांच्यावर दव धरतं, बाहेर नेलं की ते गोठतं आणि बोल्ट अडकतो.

आणि हो, प्रमुखालाही थंडी वाजते. तो तुकडीचं बघतोय, पण त्याचं कोण बघणार? निघण्याआधीच सगळ्यांसमोर उपप्रमुखाला सांगून ठेवा: मी तेच तेच बोलायला लागलो, नकाशा उलटा धरला, तर सूत्रं तू घ्यायची. हे बर्फात ठरवायला गेलात तर वाद होईल, कारण गारठलेला प्रमुख हटून बसतो.

सराव संपून बराकीत परतलात, तरी पायांची तपासणी थांबवू नका. न गोठता, नुसत्या ओल्या गारठ्याने झालेली इजा बऱ्याचदा ऊब मिळाल्यावरच वर येते: पाय लाल होतो, सुजतो, ठणकतो. त्या रात्री बूट-मोजे उतरवून प्रत्येकाची पावलं स्वतः बघा, सकाळी पुन्हा बघा, आणि ज्याची सुजलेली दिसतील त्याला चालवत न नेता डॉक्टरकडे पोहोचवा.