उजवीकडची जागा

श्रोतेहो, नमस्कार. जय ख्रिस्त.

आज एका मागणीपासून सुरुवात करतो. मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. यरुशलेमेकडे जाणारी चढणीची वाट आहे. प्रभू येशू पुढे चालला आहे आणि मागून येणारे घाबरलेले आहेत, असं मार्क मुद्दाम नोंदवतो. घाबरण्यासारखंच होतं. नुकतंच त्यानं आपल्या बारा शिष्यांना जवळ घेऊन सांगितलं होतं की तिथं मला धरून देतील, माझी थट्टा करतील, माझ्यावर थुंकतील, फटके मारतील, जिवे मारतील आणि तिसऱ्या दिवशी मी उठेन. हे बोलून होतं न होतं तोच जब्दीचे दोन मुलगे, याकोब आणि योहान, पुढे येतात. "गुरुजी, आम्ही जे मागू ते आपण आमच्यासाठी करावं."

"मी तुमच्यासाठी काय करावं?"

"आपल्या वैभवात आमच्यापैकी एकाला आपल्या उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू द्यावं."

तो आपल्या मरणाबद्दल बोलतोय आणि यांच्या डोक्यात बसायच्या जागा! हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि बरीच वर्षं मला या दोघा भावांचा राग यायचा. आता येत नाही. बाकीचे दहा जण हे ऐकून चिडले, असं पुढे लिहिलं आहे. ते का चिडले, हे मंडळीच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला नीट कळतं. त्या जागांवर त्यांचाही डोळा होता आणि या दोघांनी आधी नंबर लावला.

याच अध्यायात थोडं पुढे, यरीहो सोडताना, वाटेच्या कडेला बसलेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी हाका मारतो. लोक त्याला गप्प करतात. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं?" तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत. शिष्यांनी आसन मागितलं होतं, आंधळ्यानं दृष्टी मागितली. त्याला ती मिळाली, आणि तो उठून त्याच वाटेनं येशूमागे चालू लागला. मार्कानं हे दोन प्रसंग असे शेजारी ठेवले आहेत आणि त्यावर स्वतःचं एक वाक्यही लिहिलेलं नाही.

या दोन प्रसंगांच्या मध्ये ते प्रसिद्ध बोलणं येतं. राष्ट्रांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. तुमच्यात ज्याला थोर व्हायचं आहे त्यानं तुमचा सेवक व्हावं, ज्याला पहिलं व्हायचं आहे त्यानं सगळ्यांचा दास व्हावं. इथं एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. 'थोर व्हायची इच्छा सोडा,' असं येशू म्हणालेला नाही. याकोब आणि योहानाची ती भूक त्यानं मारून टाकली नाही, तिला दुसरी वाट दाखवली.

मूळ ग्रीकमध्ये इथं दोन वेगळे शब्द आहेत. सेवकासाठी 'दियाकोनोस'. पंगतीत वाढणारा, जेवणाऱ्यांकडे लक्ष ठेवून उभा राहणारा, असा त्याचा रोजच्या वापरातला अर्थ. दासासाठी 'दूलोस', म्हणजे गुलाम, ज्याच्या अंगावर मालकाची मालकी. थोर व्हायचं तर वाढप्या हो, आणि त्याहून वर, पहिलं, व्हायचं तर गुलाम हो. पायरी वर चढायची मागणी होती. उत्तरात पायऱ्या खाली उतरत जातात.

आपल्या भाषेत 'सेवक' हा शब्द आता मानाचा झाला आहे. नावाआधी लागला की छाती फुगते. तेव्हाही असंच काहीतरी होत होतं. लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की लोकांवर अधिकार गाजवणाऱ्यांना 'उपकारकर्ते' म्हणवलं जातं. ही खरोखरची राजपदवी होती. इजिप्तमधला तिसरा टॉलेमी इतिहासात 'युअर्गेटीस' म्हणूनच ओळखला जातो, आणि त्याचा अर्थ उपकारकर्ता. म्हणजे उपकार करणं आणि त्या उपकाराचं नाव स्वतःला लावून घेणं या दोन गोष्टी फार जुन्या काळापासून हातात हात घालून चालत आल्या आहेत. इ.स. ५९० मध्ये रोमचा बिशप झालेल्या पहिल्या ग्रेगरीनं स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवून घेतलं, आणि ते बिरुद पोप आजही वापरतात. सुंदर शब्द आहेत. पण कुठलाही शब्द, अगदी 'दास' हासुद्धा, मुकुटासारखा डोक्यावर चढवता येतो. म्हणून मला शब्दांपेक्षा गंगाळ जास्त पटतं.

गंगाळ, म्हणजे योहानाच्या तेराव्या अध्यायातलं. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात हाच शब्द आहे: त्यानं गंगाळात पाणी ओतलं. शेवटच्या भोजनाची रात्र. लूक सांगतो की त्याच रात्री, त्याच जेवणाच्या वेळी, आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांचा वाद झाला. धुळीच्या रस्त्यानं आलेले पाय, आणि ते धुवायला कोणीच उठलेलं नाही. ज्यानं उठावं त्यानं आपला वादातला पराभव मान्य केला असता! मग येशू उठतो. अंगावरची वस्त्रं काढून ठेवतो. रुमाल कमरेला बांधतो. एकेकाचे पाय धुतो आणि त्याच रुमालानं पुसतो.

हे आपण फार भरभर वाचतो. बारा माणसं, चोवीस पाय. एका जोडीला दोन मिनिटं धरली तरी जवळजवळ अर्धा तास तो गुडघ्यांवर आहे. तेवढा वेळ त्याला प्रत्येकाचे घोटे दिसताहेत, टाचांच्या भेगा दिसताहेत, आणि वर बसलेल्यांना त्याचा फक्त माथा दिसतो आहे. गंगाळातलं पाणी किती वेळा बदललं, हे लिहिलेलं नाही. त्याला धरून देणाऱ्या यहूदाचे पाय त्या चोवीसांत होते. यहूदा उठून बाहेर गेला तो पाय धुऊन झाल्यानंतर. येशूला त्याच्या मनातलं ठाऊक होतं आणि तरी त्यानं त्याची टाच हातात धरली. इथं आलो की मला पुढे वाचवत नाही. ज्याचं मन आपल्याविरुद्ध फिरलं आहे असं नुसतं वाटलं, तरी आपण त्याला साधा नमस्कार करताना हात आखडतो.

या प्रसंगाच्या आधी योहान एक वाक्य लिहितो, आणि माझ्या मते सेवक होण्याचं सगळं गुपित त्यात आहे. पित्यानं आपल्या हाती सर्व काही दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून तो भोजनावरून उठला. जाणून. स्वतःची जागा त्याला इतकी पक्की ठाऊक होती की ती सोडून खाली बसताना काही गमावण्याची भीती नव्हती. वाकू न शकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यातलाच एक मी होतो. आम्हाला गर्व होता असं लोक म्हणत. खरं तर आम्हाला धास्ती होती. एकदा खाली बसलो तर पुन्हा वर कोण बोलावणार?

एक आठवण सांगतो. मी मंडळीच्या कमिटीवर होतो. एका विशेष उपासनेच्या छापील पत्रिकेत सगळ्यांची नावं आली आणि माझं राहिलं. महिनाभर राबलो होतो. उपासना संपल्यावर कोणाशी न बोलता घरी निघालो, तर चष्मा बाकावरच राहिलेला. परत आलो. मंदिर रिकामं झालं होतं. मागच्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता, म्हणून डोकावलो. मंडळीतल्या एक वयस्कर बाई प्रभुभोजनाचे इवलेसे पेले धुत होत्या. अंगठ्याएवढे काचेचे पेले. तळाशी द्राक्षरसाचा जांभळा डाग सुकून बसतो आणि तिथवर बोट पोचत नाही. त्यांनी एका काडीला स्वच्छ फडकं गुंडाळलं होतं. पेला घ्यायचा, काडी फिरवायची, उजेडाकडे धरून पाहायचं, उपडा ठेवायचा. मग पुढचा. शंभराच्या वर पेले असतील. मी विचारलं, "हे काम तुमच्याकडे कधीपासून आहे?" त्या म्हणाल्या, "आमची सून पोटुशी होती तेव्हापासून." ती सून मला माहीत होती. तिचा मुलगा तेव्हा कॉलेजात जात होता.

इतकी वर्षं दर महिन्याला मी तो पेला ओठांना लावत होतो. तो स्वच्छ असतो, एवढंच मला ठाऊक होतं. तो कोण धुतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि माझं नाव एका कागदावर छापलं नाही हे मात्र मला रात्रभर पुरलं असतं. मी बाह्या वर केल्या आणि पुसायला बसलो. त्यांनी पहिले तीन पेले परत माझ्या हातात दिले. डाग राहिला होता.

आता थोडं कठीण बोलतो, कारण या शिकवणीचा दुरुपयोगही झाला आहे. 'सेवा करा, नम्र व्हा,' हे जे आधीच खाली आहेत त्यांनाच वरून ऐकवलं जातं. घरातल्या बायकांना, कनिष्ठांना, ज्यांच्याकडे काही अधिकारच नाही अशांना. येशूनं हे कोणाला सांगितलं ते पाहा. उजवीकडची जागा मागणाऱ्यांना सांगितलं. बार्तीमयाला त्यानं 'नम्र हो' म्हटलं नाही. त्याला उभं केलं.

आणि पुढाऱ्यानं सेवक व्हायचं म्हणजे सगळी कामं स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायची, असंही नाही. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. पहिल्याच मंडळीत भांडण लागलं. ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही आणि वाढायचं कामही स्वतःकडे ठेवलं नाही. त्यांनी मंडळीलाच सात माणसं निवडायला सांगितली, आत्म्यानं आणि ज्ञानानं पूर्ण अशी. पंगतीत वाढायला इतकी मोठी पात्रता! त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात वाटप गेलं. मंडळीतल्या भांडणात असं पाऊल उचलणारा पुढारी मला क्वचित भेटला आहे. आपण सहसा चौकशी समिती नेमतो आणि तिचं अध्यक्षपद स्वतःकडे ठेवतो.

बेल्जियमचे फादर डेमियन १८७३ च्या मे महिन्यात हवाई बेटांतल्या मोलोकाईवर उतरले. वय ३३. कुष्ठरोग झालेल्यांना कायद्यानं घरादारापासून तोडून तिथं नेऊन ठेवत. डेमियन त्यांच्या जखमा बांधत, शवपेट्या तयार करत, थडगी खणत. १८८९ मध्ये त्याच रोगानं ते गेले, वयाच्या ४९ व्या वर्षी. त्यांच्याबद्दलची एक बारीक गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडते. प्रवचनात ते लोकांना 'कुष्ठरुग्णांनो' अशी हाक न मारता 'आपण कुष्ठरुग्ण' असं म्हणत. मराठीत हे फार नेमकं उतरतं. आपल्याकडे 'आम्ही' आहे, 'तुम्ही' आहे, आणि समोरच्याला आत ओढून घेणारा 'आपण' आहे. पुढारी 'तुम्ही' कधी म्हणतो आणि 'आपण' कधी म्हणतो, याकडे कान ठेवून बसा. बरंच कळतं.

पाय धुण्याच्या त्या रात्रीच्या पेत्राबद्दल, बारा शिष्यांपैकी एकाबद्दल, बोलायचं राहिलंच. "आपण माझे पाय कधीही धुवायचे नाहीत," असं तो येशूला म्हणाला. नम्रपणाचं बोलणं वाटतं. मीही तसंच समजत होतो. मग पायाचं ऑपरेशन झालं आणि काही आठवडे मला खाली वाकता येईना. मंडळीतला एक तरुण, ज्याच्याशी मी भर सभेत वाद घातला होता, तो संध्याकाळी यायचा. एकदा त्यानं न विचारता बादली आणली आणि माझा पाय धुवायला घेतला. मी तो मागे ओढला. तोंडानं 'अरे, तू कशाला' म्हणत होतो, पण आतून मला त्याचं देणं लागायचं नव्हतं. त्यानं मान वर न करता म्हटलं, "ठेवा ना हो." मी पाय पुढे केला. दुसऱ्याची सेवा करणं मला तोवर जमू लागलं होतं. ती घेणं त्या संध्याकाळी शिकलो, आणि ते जास्त जड गेलं.

शेवटी पुन्हा त्या दोन जागांकडे येतो. पाच अध्याय पुढे, वधस्तंभाच्या प्रसंगात, मार्क लिहितो की येशूबरोबर दोन लुटारूंना खिळलं, एकाला त्याच्या उजवीकडे आणि एकाला त्याच्या डावीकडे. वाटेवर येशूनं भावांना म्हटलं होतं, "तुम्ही काय मागता हे तुम्हाला कळत नाही. मी पिणार आहे तो प्याला तुम्ही पिऊ शकाल का?" ते म्हणाले होते, "शकतो."

इ.स. ४४ च्या सुमारास हेरोद अग्रिप्पा राजानं याकोबाला तलवारीनं मारलं. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनाच्या मरणाच्या वाट्याला भाषणासकट लांबलचक अध्याय आला आहे. याकोबाच्या मरणाला एकच ओळ आहे. तो काय बोलला, कोणाच्या शेजारी उभा होता, काही लिहिलेलं नाही. बारा जणांपैकी प्रभूसाठी प्राण देणारा पहिला तोच.

नमस्कार.