सिंड्रेलाचं पाऊल, कावळ्याचं घर

(दृश्य : सांगली, गावभागातल्या एका जुन्या घराची माडी. सतरंजीवर पुस्तकं, बाजूला चहाचे कप.)

सिंड्रेला शेवटी राणी होते, हे इथे जमलेल्या सगळ्याजणींना शाळेपासून ठाऊक आहे. तरी तासभर वाद रंगलाय तो तिच्या पायावरून.

हातात आहे मरिसा मायर यांची २०१२ सालची कादंबरी, ‘सिंडर’. यातली सिंड्रेला अर्धी माणूस, अर्धी यंत्र. भविष्यातल्या बीजिंगच्या बाजारात ती यंत्रं दुरुस्त करून पोट भरते. आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचं यांत्रिक पाऊलच निखळून पडतं.

“बूट राहिला तर पळता येतं गं. पाऊल राहिलं तर पळायचं कसं?” एकजण विचारते.

हा प्रश्न मुळातच कथेच्या पोटात होता. काचेचा बूट आला १६९७ साली, शार्ल पेरो यांच्या फ्रेंच कथेत. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत तो सोन्याचा आहे. तो पायात बसावा म्हणून सावत्र बहिणींतली एक अंगठा कापते, दुसरी टाच. सुरी हातात देते त्यांची सख्खी आई. राणी झालीस की पायी चालायची वेळच येणार नाही, अशी वर समजूतही घालते. आपल्याला लहानपणी हे कुणी वाचून दाखवलं नाही. खुद्द ग्रिम बंधूंनीही कथा जशीच्या तशी ठेवली नव्हती. हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई १८१२च्या आवृत्तीत तिची जन्मदाती होती. १८१९मध्ये त्यांनी तिला सावत्र केलं.

माझ्या मते जुनी परीकथा नव्यानं सांगणाऱ्या अशा कादंबऱ्यांत सगळ्यांत उजवी आहे नओमी नोविक यांची ‘स्पिनिंग सिल्व्हर’. साल २०१८. तिची मूळ कथा ग्रिम बंधूंची ‘रंपलस्टिल्टस्किन’; त्यात एक विचित्र बुटका गवताचं सोनं करून देतो. इथे नायिका आहे एका ज्यू सावकाराची मुलगी. बाप भिडस्त, वसुलीत कच्चा. गावानं त्याचे पैसे बुडवलेत आणि घरात चुलीला लाकूड नाही. शेवटी मुलगीच वही घेऊन दारोदार वसुलीला निघते. पुढे बर्फाच्या राज्याचा राजा तिला चांदी देतो आणि तिचं सोनं करून मागतो. ती काय करते? चांदी सोनाराकडे नेते, अंगठी घडवून घेते, चढ्या भावानं विकते. जादू म्हणजे चोख व्यवहार! हळदीच्या सौद्यांवर वाढलेल्या या गावात हे कुणाला फोड करून सांगावं लागत नाही.

जुनी कथा नव्यानं वाचायची सवय सांगलीला आहेच. वि. स. खांडेकर इथेच जन्मले, १८९८ साली. त्यांच्या १९५९च्या ‘ययाति’त देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः मांडतात. पण पुराणकथेला आपण जो मान दिला, तो आजीच्या गोष्टीला दिला नाही. ती बाळाला घास भरवण्यापुरतीच राहिली. याची मला खरंच खंत वाटते.

(दृश्य : आयर्विन पूल, खाली कृष्णा.)

ऑगस्ट २०१९. या पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात होड्या फिरत होत्या. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा इथल्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलाय. कुणी त्याला दार उघडलं, कुणी “थांब, बाळाला तीट लावते” म्हणालं.

या माडीवरच्या एकीनं तीच गोष्ट कादंबरी म्हणून लिहायला घेतलीय. तिचा कावळा नदीच्या अंगाला भाड्याच्या खोलीत राहतो. चिमणीच्या घराचे हप्ते अजून फिटायचे आहेत. पहिल्या प्रकरणात आपण दाराच्या आतल्या बाजूला आहोत. बाळ केव्हाच झोपलंय. चिमणीचा हात कडीवर आहे आणि मागून सासू म्हणते, “एकदा आत घेतलंस, की जा म्हणता येणार नाही हं.”

मैत्रिणींनी दुसरं प्रकरण पुढच्या रविवारी मागितलंय.