शांत आहेत, तक्रार नाही

वृद्धाश्रमाच्या नोंदवहीत आजींच्या नावापुढे रोज तेच: ‘शांत आहेत. तक्रार नाही.’ घरचेही निर्धास्त. पण ताट बघा, दोन घास खाऊन सारलेलं. टीव्हीवर आवडीची मालिका लागली तरी तोंड भिंतीकडे. बोटातली अंगठी सैल होऊन निसटू लागली आहे.

उतारवयातलं नैराश्य रडत येतंच असं नाही. अंगदुखी, बद्धकोष्ठता, झोप नाही, अशा कुरबुरींच्या आडून ते येतं. मग पोटाची गोळी बदलते. मनाचं कुणी विचारत नाही. आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. गप्प बसणारा सगळ्यांच्याच सोयीचा!

वृद्धांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी वेगळी प्रश्नावली १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली. तीस प्रश्न, उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. पुढे पंधरा प्रश्नांची छोटी आवृत्तीही आली. भूक आणि झोप यांचे प्रश्न त्यात नाहीत; त्या तक्रारी वयामुळेही असतात. विचारायचं ते कंटाळ्याबद्दल, रितेपणाबद्दल. स्मृतिभ्रंश बळावलेल्या माणसाला मात्र ही उत्तरं देता येत नाहीत. त्यांच्यासाठी १९८८ साली कॉर्नेल मापनपट्टी आली. तिच्यात सांभाळणाऱ्यालाही विचारतात. म्हणजे रोज आंघोळ घालणाऱ्या मावशींना! त्यांना बरंच आधी कळलेलं असतं, विचारायला कुणी जात नाही, एवढंच.

निदानाआधी थायरॉईड, बी-१२ आणि चालू असलेली औषधं तपासावी लागतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात. त्या काळात रक्तातलं सोडियम उतरत नाही ना, तोल जात नाही ना, हे पाहावं लागतं. समुपदेशनाचाही उपयोग होतो, या वयातसुद्धा.

आणि एक गोष्ट गोळीत मिळत नाही. १९७६ साली अमेरिकेत एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, तुमचे निर्णय तुम्हीच घ्या, आणि प्रत्येकाला सांभाळायला एकेक रोपटं दिलं. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालणार. काही आठवड्यांनी पहिला मजला जास्त तरतरीत आणि हिंडता-फिरता दिसला.

आता कुठल्याही वृद्धाश्रमाचं वेळापत्रक बघा आणि विचारा, आंघोळ भल्या पहाटेच का? बरेचदा उत्तर मिळतं: नंतर कर्मचाऱ्यांची पाळी बदलते.