अकरा फळ्यांचं दुकान

दृश्य : पहाट. विजयदुर्ग किल्ल्याकडे जाणारी वाट. एका दुकानाची फळी खाचेतून सरकते.

निवेदन :

लाकडावर लाकूड घासल्याचा हा आवाज ऐका. एक फळी निघाली, दुसरी निघाली. प्रत्येक फळीवर पटाशीनं आकडा कोरलाय, कारण आठवी फळी सातवीच्या जागी बसत नाही. अकरा फळ्या भिंतीला टेकल्या की दुकान उघडलं.

हे माझ्या मामाचं दुकान, त्याच्या आजोबांनी बांधलेलं. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, त्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. खांब फणसाचे, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटा, आत गल्ला आणि डोक्यावर माळा. लहानपणी मे महिन्यात मी त्या माळ्यावर आंब्याच्या अढीशेजारी झोपायचो.

दृश्य : कौलांच्या जागी निळी ताडपत्री. वाऱ्यानं फडफडते.

निवेदन :

१६ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून वर सरकलं. दुकानाची मागच्या बाजूची कौलं उडाली, दोन वासे मोडले, पाणी थेट भिंतीत उतरलं. त्या भिंतीवर मामाच्या वडिलांनी हौसेनं सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंटनं त्याची ती वाटच बंद केली होती. भिंत आतून ओली राहिली आणि फुगली.

गावातले सुतार मेस्त्री येऊन बघून गेले. म्हणाले, "वासो बदलूक व्हयो, नायतर सगळा छप्पर खाली येतला."

वासा बदलायला किती दिवस लागतात? दोन. आम्हाला दोन पावसाळे थांबावं लागलं.

दृश्य : किल्ल्याची तटबंदी. कॅमेरा हळूहळू दुकानाकडे वळतो.

निवेदन :

विजयदुर्ग हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि हे अंतर कायद्यातच आलं. मामाचं दुकान पहिल्या १०० मीटरच्या आत येतं.

शहरात वारसा यादीतल्या इमारतींची गोष्ट थोडी वेगळी असते. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि इमारतींना श्रेणी दिलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीत जवळजवळ कशालाच हात लावता येत नाही, तिसरीत बऱ्यापैकी मोकळीक असते. राज्याच्या नगररचना कायद्यानुसार साध्या घराच्या फक्त आतल्या बदलांना परवानगी लागत नाही, पण इमारत वारसा म्हणून नोंदलेली असेल तर आतल्या कामालाही लागते. आमचं दुकान कुठल्या यादीत नाही. ते किल्ल्याच्या सावलीत आहे, आणि त्या सावलीचे नियम जास्त कडक आहेत.

प्रतिबंधित क्षेत्रात नवीन बांधकाम करता येत नाही. केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती आणि नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं. ती तारीख सिद्ध करायला मामानं ट्रंकेतून घरपट्टीच्या पावत्या काढल्या. वाळवी लागलेल्या, पण वाचता येण्याजोग्या.

दृश्य : जुन्या पावत्या. थरथरणारी बोटं.

निवेदन :

पहिला अर्ज फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. कागद एका इंजिनिअरनं तयार केले होते. माणूस मनानं चांगला, पण त्यानं विषयाच्या ओळीत लिहिलं, 'दुरुस्ती व पुनर्बांधकाम'. शिवाय नकाशात माळ्याचा पुरता मजला केला, म्हणजे पर्यटकांसाठी वर दोन खोल्या काढता येतील.

अर्ज परत आला.

मला तेव्हा फार राग आला होता. मग मी कायद्यातल्या व्याख्या वाचायला बसलो. होती तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीची इमारत नव्यानं उभारणं म्हणजे पुनर्बांधकाम. असलेल्या इमारतीत फेरबदल करणं म्हणजे दुरुस्ती आणि नूतनीकरण, आणि त्यात पुनर्बांधकाम धरलेलं नाही. १०० मीटरच्या पुढे दोन्हींसाठी परवानगी मागता येते. १०० मीटरच्या आत फक्त दुसऱ्यासाठी. उंची वाढवणं हे तर सरळसरळ नवीन बांधकाम.

याचा अर्थ लक्षात आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दुकान उभं आहे तोवरच ते दुरुस्त करता येतं. एखाद्या आषाढात ते कोसळलं, तर पुन्हा उभं करायची परवानगी मागायला जागाच उरत नाही. ताडपत्रीच्या चार दोऱ्यांवर आमचं सगळं अडकलं होतं. त्या पावसाळ्यात मामा रात्री उठून दोऱ्या तपासायचा.

दृश्य : मुसळधार पाऊस. बॅटरीचा उजेड.

निवेदन :

दुसऱ्या अर्जाच्या वेळी वास्तुविशारद बाई आल्या. त्यांनी दोन दिवस फक्त मोजमापं घेतली. कुठला खांब कुजलाय, कुठला वरून काळा पण आतून धड आहे, सगळ्याचे फोटो काढले. मामाला फळ्या काढून रोलिंग शटर हवं होतं. सत्तरीत रोज अकरा फळ्या उचलायच्या म्हणजे खांदा भरून येतो, ते खरंच आहे. पण शटरसाठी दर्शनी तुळई कापावी लागली असती, आणि पुढच्या छपराचा सगळा भार त्याच तुळईवर. मेस्त्री म्हणाले, खाऱ्या वाऱ्यात शटर गंजणार. बाईंनी तोडगा सुचवला : रोज दारापुरत्या चारच फळ्या काढा, बाकीच्या सणाला. मामा कुरकुरला आणि कबूल झाला.

माळा माळाच राहिला. चहाचं टेबल आतच, आहे त्या भिंतींमध्ये. सिमेंट खरवडून पुन्हा चुना. चौथरा एक वीतही वाढवायचा नाही, कारण समोर खाडी आहे आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियमही तेच सांगतात.

हा अर्ज आम्ही नवरात्रात दिला, आणि ते मुद्दाम. कायद्यानं सक्षम अधिकाऱ्यानं १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत शिफारस द्यायची, त्यानंतर महिन्याभरात निर्णय कळवायचा. सगळं वेळेत झालं तरी साडेतीन महिने. फेब्रुवारीत अर्ज देणाऱ्याच्या हातात कागद पडतो तेव्हा मृग लागलेला असतो, आणि मृगात छप्पर कोण उघडणार? कोकणातल्या ज्यांचं जुनं घर असं किल्ल्याजवळ आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. गणपती विसर्जन झाले की कागद गोळा करायला लागा.

दृश्य : छपरावर माणसं. कौलं हातोहात वर जातात.

निवेदन :

परवानगी आली. होळीनंतर काम सुरू झालं. नऊ वासे बदलले, दोन खांबांना खाली नवा जोड दिला. धड होती ती कौलं धुऊन पुन्हा चढवली. पाचवी फळी मात्र पार गेली होती, ती मेस्त्रींनी नवी केली, फणसाचीच. पटाशीनं तिच्यावर पाचाचा आकडा कोरला, जुन्या चारच्या वळणाशी जुळेल असा.

दृश्य : संध्याकाळ. मामा फळ्या लावतोय.

निवेदन :

नव्या फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती फळी लांबूनच ओळखू येते. मामाला मी विचारलं, हिला तेल लावून काळी करायची का?

तो म्हणाला, "राहू दे. होईल आपोआप."