बटन बंद, तरी बल्ब मिणमिणतोय

(गणपतीच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये झालेलं बोलणं, थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. मागच्या काकांना आवाज येतोय ना? माईक मीच नको म्हटलं, आल्या आल्या बघितलं तर त्याच्या वायरला तीन ठिकाणी टेप गुंडाळलेली. त्यातली एक टेप तर औषधाच्या दुकानातली पांढरी, जखमेवर लावतात ती. असू दे.

मी वायरमन. आयटीआयला ट्रेड केला, परवाना काढला आणि गेली तीसेक वर्षं ठाणे ते कल्याण याच पट्ट्यात लोकांच्या भिंती फोडतोय. सेक्रेटरी म्हणाले घरच्या लाईटवर दोन शब्द बोला. मला खरं तर एकच सांगायचंय, की लाईट लागतो म्हंजे वायरिंग बरोबर आहे असं समजू नका. चुकीच्या वायरिंगवरसुद्धा बल्ब तेवढाच झकास लागतो, बल्बला काय पडलंय.

डोंबिवलीच्या एका आजींची गोष्ट सांगतो. त्यांचा फोन आला, बाथरूमचा दिवा रात्री बंद केला तरी मिणमिणतो म्हणे. नातवंडांनी भूत आहे म्हणून घाबरवून ठेवलेलं, मुलाने तीन बल्ब बदलले, एकदा बटनपण बदललं, भूत काही जाईना. मी बोर्ड उघडला तर बटनात आलेली वायर काळी, आणि लाल वायर सरळ वर होल्डरला गेलेली. फेज म्हंजे करंट आणणारी जिवंत वायर, न्यूट्रल म्हंजे परतीची. इथे बटन फेजमध्ये नाही, न्यूट्रलमध्ये. बिल्डिंग बांधली तेव्हापासून तसंच होतं आणि एवढी वर्षं कुणाला पत्ता नाही, कारण पूर्वी तिथे चाळीस वॅटचा पिवळा बल्ब होता, त्याची तार तापायला भरपूर करंट लागतो, चिरीमिरीने तो पेटत नाही. एलईडीचं तसं नाही. तिच्या आत छोटं सर्किट असतं, त्यात कपॅसिटर असतो, आणि गळक्या नळाखाली जशी रात्रभरात बादली भरते तसा तो किंचितशा गळतीवर भरत राहतो, पुरेसा भरला की बल्ब झबकतो नाहीतर मंद तेवत राहतो.

आता आजींना वाटलं प्रॉब्लेम मिणमिणण्याचा आहे. प्रॉब्लेम तो नाहीच हो. बटन बंद केलं तरी होल्डरमध्ये २३० व्होल्ट जिवंत, हा प्रॉब्लेम आहे. बल्ब बदलताना आपण काय करतो, बटन बंद करतो, ओल्या बाथरूममध्ये लोखंडी स्टुलावर चढतो आणि बिनधास्त होल्डरला हात घालतो. त्या घरात तीन वेळा बल्ब बदलला गेला होता म्हंजे तीन वेळा नशीब चांगलं होतं. बरोबर पद्धत अशी की फेज बटनात येणार, बटनातून जी वायर पुढे होल्डरला जाते तिला आमच्या लाइनीत हाफ म्हणतात, ती बटन बंद केलं की मेली पाहिजे. न्यूट्रल सरळ होल्डरला. तपासायचं असेल तर बटन बंद करून बल्ब काढून वायरमनला होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर लावायला सांगा, टेस्टर ठणठणीत पेटला तर वायर उलट्या आहेत.

प्रत्येक मिणमिणणारा बल्ब असा धोक्याचाच असतो असं नाही हां. बटनात तो लाल ठिपका असतो ना, अंधारात दिसावा म्हणून, त्या इंडिकेटरमधूनही थोडा करंट सरकतो आणि तेवढ्यावर एलईडी तेवते. किंवा जिन्याचा टू-वे असेल, म्हंजे एकच दिवा वर-खाली दोन बटनांवर, वायर लांबलचक आणि एकाच पाइपातून खेटून गेलेल्या, तर शेजारच्या जिवंत वायरीमुळे मेलेल्या वायरीवरही थोडं व्होल्टेज दिसतं. तिथे घाबरायचं कारण नाही, इंडिकेटरवालं बटन काढा की भूत गेलं. पण कुठलं भूत आहे ते बघितल्याशिवाय नुसता बल्ब बदलत बसू नका.

दुसरी तक्रार नेहमीची. अर्ध्या घराची लाईट गेली, अर्ध्याची आहे. तिथे हमखास एखादे काका हातात टेस्टर घेऊन उभे असतात आणि मला सांगतात, अरे सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय, डबल फेज आलाय! काका, डबल फेज नाही आला, न्यूट्रल तुटलाय. फेज येतोय, चालू ठेवलेल्या पंख्यातून किंवा टीव्हीतून पलीकडे जातोय, पण पुढे परतीचा रस्ताच बंद, म्हणून न्यूट्रलच्या भोकातही टेस्टर पेटतो. त्या लाइनीवरचं सगळं बंद करा, प्लग उपटा, दुसरं भोक थंड होतं की नाही बघा. टेस्टरला कळतं ते फक्त व्होल्टेज, रस्ता पूर्ण आहे का ते त्याला कळत नाही. म्हणून आम्ही होल्डरला दोन वायर जोडलेला साधा टेस्ट लॅम्प बरोबर ठेवतो. हा तुटलेला न्यूट्रल बहुतेक वेळा कुठल्यातरी बोर्डात लूप घेतलेला, म्हंजे तिथून पुढच्या बोर्डाला जोडून नेलेला असतो तिथे सापडतो, स्क्रू सैल, नाहीतर दोन तारा नुसत्या पीळ मारून वर टेप.

हाच न्यूट्रल घरात न तुटता खाली मीटर रूममध्ये सैल झाला तर मात्र खेळ वेगळा. बिल्डिंगला तीन फेज येतात, फेज ते न्यूट्रल २३०, पण फेज ते फेज ४०० च्या आसपास. कॉमन न्यूट्रल सुटला की कुणाच्या घरात बल्ब मंद होतात आणि कुणाच्या घरात अचानक ट्यूब लख्ख, पंखा भन्नाट. लख्ख झालं म्हणून खूश होऊ नका, तीनशेच्या वर व्होल्टेज चढलेलं असू शकतं. धावत जाऊन मेन बंद करायचा, टीव्हीचा विचार नंतर.

सैल स्क्रूचं अजून एक सांगतो, कारण आगीची भीती मला शॉर्टसर्किटपेक्षा याची जास्त वाटते. शॉर्ट झाला तर एमसीबी, म्हंजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा तो मेन बोर्डातला खटका, फटकन पडतो. सैल जोड पडू देत नाही. समजा तुमचा गीझर २००० वॅटचा, म्हंजे साधारण ८.७ अँपिअर. प्लगच्या पिनेपाशी पकड ढिली होऊन फक्त अर्धा ओहम रोध आला तर त्या एवढ्याशा जागेत ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ रिपेअरवाल्याची सोल्डरिंगची इस्त्री बघितलीय ना, ती २५ वॅटची असते आणि शिसं वितळवते. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल, ८.७ अँपिअरच चाललाय. घरी गेल्यावर गीझरच्या सॉकेटची भोकं बघा, कडेला तपकिरी किंवा काळं झालं असेल, प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देत असतील, तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्यालाही खराब करतो.

आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा टाकून घेणारे हात वर करा. करा करा, मी काही बोलत नाही. लाईटच्या सर्किटला साधारण दहा पॉइंट किंवा ८०० वॅट असा आमचा जुना हिशोब, वायर एक किंवा दीड स्क्वेअर एमएमची, वर ६ अँपिअरचा एमसीबी. एलईडीमुळे आता लाईटचा लोड काहीच राहिला नाही, पण त्याच बोर्डावरच्या छोट्या सॉकेटला कुणी इस्त्री लावतं, कुणी अ‍ॅडॉप्टर घालून इंडक्शन शेगडी लावतं. मग तो पडणारच, त्याचं कामच ते आहे. एमसीबी तुमच्या शेगडीसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. एका घरी मी एक स्क्वेअरच्या वायरवर ३२ चा एमसीबी बघितला, म्हंजे आता फ्यूज कोण, तर भिंतीतली वायर.

(मधूनच एका वहिनींनी विचारलं, आमच्याकडे पूर्वी शॉक नव्हता लागत, हल्ली वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, असं का.)

वहिनी, मागच्या दोन-तीन वर्षांत बाथरूमचं काम केलंत का? केलंत ना. लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले? मग कळलं. जुन्या बिल्डिंगींत अर्थिंगची, म्हंजे मशीनच्या पत्र्यावर गळलेला करंट जमिनीत नेणारी, हिरवी वायर कित्येक ठिकाणी नळाच्या पाइपालाच गुंडाळून दिलेली असायची, बरोबर नव्हतंच ते, पण पाइप लोखंडी आणि जमिनीत जात होता तोवर कसंबसं निभावलं. प्लंबरने प्लॅस्टिक टाकलं त्या दिवशी तुमचं अर्थिंग गेलं, आणि ना त्याला कळलं ना तुम्हाला, कारण मशीन फिरतंच आहे. उद्या मीटर रूमपासून अर्थची वायर ओढून घ्या, तोवर मशीन बंद. आणि तीन पिनी प्लगची वरची पिन कापून दोन भोकांत घुसवायचा प्रकार तर अजिबात नको. ती पिन लांब ठेवलीय ती उगाच नाही, प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा म्हणून.

आता आरसीसीबी, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो पडायला कित्येक अँपिअर लागतात. आरसीसीबी आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा ताळा बघतो, ३० मिलिअँपचा फरक पडला की तोडतो. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की हा पडायला लागतो आणि लोक वायरमनला सांगतात, काढून टाक हे लफडं, डायरेक्ट कर. काही जण करूनही देतात, दोनशे रुपयांत. गेल्या वर्षी एका घरी बेडरूमची ट्यूब लावली की लगेच आरसीसीबी पडायचा. ट्यूब नवी, वायर चांगली. दोन तास गेले माझे. शेवटी निघालं काय, तर ट्यूबचा फेज बेडरूमच्या सर्किटचा आणि न्यूट्रल जवळ पडला म्हणून हॉलच्या बोर्डातून, म्हंजे त्या आरसीसीबीच्या बाहेरून, उसना घेतलेला. गेला एका दाराने, आला दुसऱ्या दाराने, ताळा जमणार कसा. वीस वर्षं ती ट्यूब अशीच लागत होती, आरसीसीबी बसवल्यावर पहिल्यांदा कुणीतरी हिशोब मागितला.

आता गणपती, मग दिवाळी. आकाशकंदिलाची वायर सरकत्या खिडकीच्या फटीत चेपून बाहेर काढू नका, अ‍ॅल्युमिनियमची चौकट ती रोज थोडी थोडी कापते, आणि सगळी ग्रिल जिवंत होते. तोरणांच्या माळा एकीत एक अडकवून शेवटचा प्लग मल्टीप्लगमध्ये, तो मल्टीप्लग दुसऱ्या मल्टीप्लगमध्ये, हे तर आपलं राष्ट्रीय आरासकाम आहे.

चहा आलाय वाटतं. त्याआधी एक काम करू. दाराच्या मागे हॉलचा डीबी, म्हंजे सगळे एमसीबी असलेला मेन बोर्ड आहे, त्यात आरसीसीबीवर टी लिहिलेलं एक छोटं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, दाबलं की सगळं बंद पडलं पाहिजे. सेक्रेटरी, तुम्हीच या. हां, तेच. दाबा. जरा जोरात दाबा.

(सगळ्यांनी वर बघितलं. पंखे फिरतच होते.)